रेषा सरकवून पूर सरकत नाही

नाशिकमध्ये पूररेषेचा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो आणि दर वेळी त्याच दोन टोकांवर जाऊन बसतो. एका बाजूला नदीकाठचे मिळकतदार आणि बांधकाम व्यावसायिक. त्यांचे म्हणणे, रेषा चुकीची आखली, फेरसर्वेक्षण करा, ती नदीकडे सरकवा. दुसऱ्या बाजूला नदीप्रेमी. रेषेच्या आत एक वीटही नको, आहे ते हटवा. दोघे तावातावाने भांडतात ते नकाशावरची रेघ कुठे असावी यावर. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. येत्या तीस-चाळीस वर्षांत नाशिकला बुडवणारे पाणी कुठून येईल, कुठल्या गल्लीत किती खोल चढेल आणि किती वेळ थांबेल, याचा हिशेब आधी मांडायला हवा. तो मांडला नाही, तर रेषा दहा मीटर अलीकडे काय आणि पलीकडे काय! आणि हा हिशेब केवळ मागच्या पुरांच्या आकड्यांवर मांडता येत नाही, कारण पाऊसही बदलतो आहे आणि त्याहून वेगाने शहर बदलते आहे.

रेषा म्हणजे नेमके काय, हे या वादात फार थोडे जण सांगतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांमधला नियंत्रित. सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर नाशिककरांच्या तोंडी हे शब्द बसले. पण ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची २४ वर्षे निवांत, असे नाही. दर वर्षी चार टक्के शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेवरच्या घराला असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सत्तर टक्के भरते. लाल रेषेवरच्या घराला तीच शक्यता सव्वीस टक्के. आणि आजचा १०० वर्षांचा पूर तापलेल्या हवेत ५० वर्षांचा झाला, तर सव्वीसचे पंचेचाळीस होतात. रेषा जागची हलली नाही, घरही हलले नाही, धोका मात्र पावणेदोनपट झाला.

हे शतकी आकडे येतात कुठून? नदीच्या जुन्या विसर्गांची यादी करून, तिला संख्याशास्त्रातला एक वक्र बसवून आणि तो वक्र पुढे ताणून. त्यामागे एक गृहीतक असते, की नदी काल जशी वागली तशीच उद्या वागेल. गोदावरीच्या बाबतीत ते कितपत टिकते? गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले, म्हणजे १९६५ च्या आधीची नदी वेगळी आणि नंतरची वेगळी. नंतर वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणे झाली. गंगापूरमध्ये गाळ बसत गेला. मूळचा ७,२०० दशलक्ष घनफुटांचा साठा आज ५,६३० पर्यंत उतरला आहे. १९८२ साली महापालिका झाली, तेव्हा जिथे द्राक्षबागा आणि माळ होते, तिथे आज वसाहती आहेत. साठ-बासष्ट वर्षांच्या नोंदीत इतक्या नद्या मिसळल्या असताना त्या नोंदीवरून काढलेला शतकी पूर दशांश चिन्हापर्यंत बरोबर मानून भांडणे, हे मला तरी हास्यास्पद वाटते.

त्यात पावसाचे स्वरूप बदलते आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्के वाढते. हे भौतिकशास्त्र आहे, त्यात मतभेदाला फारशी जागा नाही. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आहे, आणि एकूण मोसमी पाऊस वाढलेला नसताना. म्हणजे तेवढेच पाणी, पण थोड्या दिवसांत आणि जोरात.

इथे हवामानबदलाचा हिशेब नको म्हणणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा येतो आणि तो मान्यच करायला हवा. हवामानाची जागतिक संगणकी प्रारूपे (मॉडेल) नाशिकसारख्या ठिकाणी अडखळतात. ती पृथ्वीचे चौकटींत तुकडे पाडून गणित करतात, आणि एकेक चौकट अनेकदा शंभर किलोमीटरची. त्र्यंबकला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तीस किलोमीटरवरच्या नाशिक शहरात जेमतेम सातशेच्या आसपास. हा सगळा उतार एका चौकटीत विरघळून जातो. मग अशा आकड्यांवर लोकांच्या जमिनींचे भवितव्य ठरवायचे का?

नाही ठरवायचे. पण अनिश्चितता आहे म्हणून शून्य बदल धरायचा, हेही एक भाकीतच आहे, आणि उपलब्ध भाकितांपैकी सर्वांत कच्चे. ब्रिटनमध्ये नदीच्या पूरविसर्गावर हवामानबदलासाठी ठरावीक टक्के वाढ धरूनच नवे बांधकाम तपासतात. ती टक्केवारी नदीखोऱ्यानुसार आणि इमारतीच्या आयुष्यानुसार बदलते. इथेही तेच करता येईल. पावसाच्या तीव्रतेत दहा, वीस आणि तीस टक्के वाढ धरून तीन वेळा गणित करायचे आणि पाहायचे, की तिन्ही वेळा काय बुडते, आणि फक्त तिसऱ्या वेळीच काय बुडते. तिन्ही वेळा बुडणाऱ्या जागेवर रुग्णालय किंवा वीज उपकेंद्र नको, हे सांगायला अचूक भाकीत लागत नाही.

शिवाय या वादात हवामानबदलाला जेवढा भाव मिळतो, तेवढा सिमेंटला मिळत नाही. एक चौरस किलोमीटरचे छोटे पाणलोट घ्या. तासाला ५० मिलिमीटर वेगाने सर कोसळते आहे. शेतजमीन आणि बागा असतील तर त्यातले साधारण तीस टक्के पाणी लगेच ओढ्याला लागते, म्हणजे दीडशे क्युसेकच्या (सेकंदाला दीडशे घनफुटांच्या) आसपास. त्याच जागी रस्ते, पेव्हर ब्लॉकचे पार्किंग आणि इमारती आल्या की ऐंशी टक्के पाणी धावते, म्हणजे चारशेच्या जवळ. आता हवामानबदलाची वीस टक्के वाढ घाला. आकडा पावणेपाचशेला टेकतो. दीडशेचे पावणेपाचशे होताना हवेचा हात वीस टक्क्यांचा, आपला हात अडीचपटीहून जास्त. वर गुळगुळीत पृष्ठभागावरून पाणी लवकर पोचते, त्यामुळे तासभर पसरणारा लोंढा वीस-पंचवीस मिनिटांत एकवटतो, ते वेगळेच. म्हणून भविष्यातल्या पुराचे गणित आजच्या भूवापरावर करून चालत नाही. विकास आराखड्यात जो पट्टा पिवळा, म्हणजे निवासी, रंगवला आहे तो पूर्ण बांधला गेला, असे धरूनच ते करावे लागते. हे जिथे होत नाही तिथे नाला रुंदीकरणाचे काम संपायच्या आत अपुरे ठरते.

नाशिकला तीन वेगवेगळी पाणी बुडवतात आणि ती तीन वेगळ्या पद्धतीने वागतात, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिले गंगापूर धरणाच्या दारांतून सुटणारे. ते साधारण दोन-तीन तासांत रामकुंडावर पोचते, आधी कळते, तिथल्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागले की अख्ख्या शहराला त्याची खबर असते. दुसरे धरणाच्या खालच्या मुक्त पाणलोटाचे. नासर्डी या उपनदीवर गंगापूरसारखे दारे लावलेले मोठे धरण नाही. सातपूर-अंबडकडून सिडको, मुंबई नाका अशी ती भर वस्तीतून वाहत आगरटाकळीला गोदावरीला मिळते. वाघाडीचेही तसेच. या नद्यांची खबर कुठलाच मारुती देत नाही. तिसरे पाणी शहरावरच पडलेले, ज्याला नदीपर्यंत जायला वाट मिळत नाही.

तिसऱ्या पाण्याचे उदाहरण सराफ बाजाराइतके स्पष्ट कुठेच सापडणार नाही. तिथे पाणी चढायला गोदावरीला पूर यावाच लागतो असे नाही. वरच्या भागात तासभर झोडपले तरी दुकानांत पाणी शिरते. खालून बंदिस्त केलेला सरस्वती नाला जातो. त्याच्या पोटात गाळ, प्लास्टिक, आडव्या टाकलेल्या वाहिन्या. गोल वाहिनी अर्धी गाळाने भरली की तिची क्षमता निम्मी होते, असे लोक समजतात. प्रत्यक्षात वाहायला उरलेली जागा निम्मी होते आणि घासणारा काठ मात्र त्या मानाने फारसा कमी होत नाही, त्यामुळे वहनक्षमता जेमतेम ३६ टक्के उरते. त्यात गोदावरीची पातळी नाल्याच्या मुखाच्या वर गेली, की नाला उलटा वाहू लागतो. मुखावर एकेरी झडप बसवली तर नदीचे पाणी आत येत नाही खरे, पण आतले पाणीही बाहेर पडत नाही. म्हणजे पंप लागतो, पंपाला पुरात न बुडणारी वीज लागते. नुसती झडप बसवून फीत कापली, तर पहिल्याच मोठ्या पावसात दुकानदारांना फरक कळेल, तो उलट्या दिशेने.

आता पूररेषेने यातले काय पकडले? फक्त नदीचे पाणी. नदीपासून लांब, रेषेच्या कितीतरी बाहेर, तळघरातल्या दुकानात चार फूट पाणी साचले तर ती मिळकत कागदावर सुरक्षितच. आणि पावसाची रोजची नोंदही फसवते. सकाळी साडेआठला मोजलेला चोवीस तासांचा पाऊस ६४.५ मिलिमीटरच्या खाली असेल, तर हवामान खात्याच्या वर्गवारीत तो ‘जोरदार’ गणला जात नाही. पण त्यातले ५० मिलिमीटर एका तासात पडले असतील तर? आपल्याकडची पावसाळी गटारे साधारण दोन ते पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या सरीसाठी आखतात. पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद देणारे पर्जन्यमापक शहरभर नसतील, तर ती सर खरोखर किती वर्षांनी येते हे ठरवणार कसे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एका मुंबईत इतका फरक पडतो, तर गंगापूर रोडचा आकडा नाशिकरोडला लावायचा कशाच्या जोरावर?

धरणाची बाजू घेणारे म्हणतात, गंगापूर नसते तर पूर याहून मोठे आले असते. खरे आहे. धरण पुराचा शेंडा कापते, आणि दर वर्षी धरणातून पाणी सोडले म्हणून अभियंत्यांना शिव्या घालणारे हे विसरतात. पण धरण भरलेले असेल तर शेंडा कापायला जागाच नसते. गंगापूरचे पाणलोट साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यावर दिवसभरात २०० मिलिमीटर पाऊस झाला आणि साठ टक्के पाणी धरणात आले, तरी तो दीड टीएमसी, म्हणजे दीड अब्ज घनफूट, होतो. एकूण साठ्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. ऑगस्टमध्ये इतकी जागा रिकामी ठेवा, असे सांगणे सोपे आहे. पाऊस फिरला तर नाशिकला प्यायचे काय, आणि खालच्या जायकवाडी धरणाला हक्काचे पाणी द्यायचे कुठून? २०१५ च्या सिंहस्थात पावसाने ओढ दिली आणि शाही स्नानासाठी धरणातून पाणी सोडण्यावरून प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, ते शहर विसरलेले नाही. हा पेच खराच आहे. तरी मधला मार्ग निघतो. अर्धा टीएमसी, म्हणजे साठ्याच्या नऊ टक्के जागा, तीन-चार दिवसांच्या पावसाच्या अंदाजावर आधीच सावकाश मोकळी केली, तर ऐन पुरात दहा हजार क्युसेकचा शेंडा चौदा तास कापता येतो. पूर टळत नाही, पण छातीचे पाणी कमरेवर येऊ शकते. तापीचा पूर सहज विसरण्यासारखा नाही: ऑगस्ट २००६ मध्ये तिच्यावरचे उकाई धरण भरत आले असताना वरून लोंढा आला, विसर्ग नऊ लाख क्युसेकवर गेला आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. त्यानंतरच तिथे वरच्या खोऱ्यातला पाऊस, धरण आणि शहर यांना जोडणारी पूर्वसूचना यंत्रणा उभी राहिली.

धरणाच्या भरवशाची मर्यादा हैदराबादने आणखी लख्ख दाखवली. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीने हजारोंचा बळी घेतला. निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले. आपल्या खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवणारे तेच. त्यांच्या सल्ल्याने पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. शंभर वर्षे हैदराबाद त्या दोन जलाशयांकडे बोट दाखवून निश्चिंत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये पाऊस पडला तो शहरावरच, जलाशयांच्या खाली. तळी फुटली, नाले उलटले, वसाहती बुडाल्या. विश्वेश्वरय्या चुकले होते का? अजिबात नाही. त्यांनी १९०८ च्या शहराचा प्रश्न सोडवला होता. नंतर वाढलेल्या शहराने नवा हिशेब मांडला नाही.

मिळकतदारांची तक्रारही झटकून टाकण्यासारखी नाही. रीतसर परवानगी घेऊन बांधलेले घर एका सकाळी रेषेच्या आत जाते, कर्ज मिळेनासे होते, भाव पडतो. गावठाणातले वाडे तर महापालिकेच्या कितीतरी आधीचे. ‘सगळे हटवा’ म्हणणाऱ्यांनी पंचवटीच्या घाटावर उभे राहून हे म्हणून पाहावे. नारोशंकराचे मंदिर १७४७ पासून पुराच्या वाटेत उभे आहे, आणि पाणी घंटेला लागले की नाही हे विचारत पिढ्या गेल्या. तो घाट बुडण्यासाठीच बांधलेला आहे: दगडी, पोकळ भाग नाही, पाणी ओसरले की धुऊन घ्यायचा. तिथे धोका दगडाला नाही, तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीला आणि तळघरातल्या मालाला आहे.

म्हणूनच रेषेऐवजी खोलीचा नकाशा हवा. रेषा ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढेच सांगते; खोलीचा नकाशा सांगतो की या कोपऱ्यावर १०० वर्षांच्या पुरात अर्धा फूट संथ पाणी येईल आणि त्या कोपऱ्यावर पाच फूट, वाहते. दोन्हींना एकच नियम लावणे अन्यायाचे आहे. अर्ध्या फुटाच्या जागी जोते उंच करा, बेसमेंट बंद, वीज मीटर आणि लिफ्टची मोटर वर न्या, आणि बांधू द्या. दोन फुटांवर बहुतेक मोटारी तरंगू लागतात. तिथे तळमजल्याचे पार्किंगही नियम लावूनच. पाच फूट वाहत्या पाण्यात मात्र काहीच नको. तिथल्या मिळकतदाराला टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) द्या आणि जागा मोकळी करा. असा नकाशा निघाला तर आज निळ्या रेषेत अडकलेले काही जण सुटतील, आणि नासर्डीकाठचे, नाले बुजवून उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांतले बरेच जण नव्याने धोक्यात दिसतील. फेरसर्वेक्षणाची मागणी करणाऱ्यांची याला तयारी आहे का?

असे काम कागदावर सोपे दिसते आणि प्रत्यक्षात ठरावीक ठिकाणी फसते. उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशात काही मीटरची चूक असते. गल्लीतल्या दीड फूट पाण्यासाठी तो कामाचा नाही, विमानातून किंवा ड्रोनमधून लेसर मोजणीच लागते. नदीपात्राचे छेद पन्नास-शंभर मीटरवर घ्यावे लागतात, आणि प्रत्येक पुलाच्या गाळ्यांचे खरे माप लागते, आराखड्यातले नव्हे. कारण गाळ्यात अडकलेला कचरा आणि जुने बंधारे यांमुळे वरच्या बाजूला फुगवटा येतो आणि पाणी अपेक्षेपेक्षा चढते. मग प्रारूप २००८, २०१६ आणि २०१९ च्या पूरखुणांशी ताडून पाहायचे. भिंतींवरच्या त्या खुणा रंगरंगोटीत पुसल्या जाण्याआधी उंचीसह नोंदवायला हव्यात. सगळ्यात जास्त चूक होते ती तीन पाणी वेगवेगळी तपासण्यात. धरणातून मोठा विसर्ग चालू असताना गोदावरी फुगलेली असते, नासर्डीचे आणि सरस्वती नाल्याचे पाणी आत शिरू शकत नाही, आणि त्याच वेळी शहरावर सर कोसळते. खरा पूर असा येतो. ही तिन्ही एकत्र येण्याची शक्यता मोजलेली नसेल, तर अहवाल कितीही जाड असो, तो अर्धा आहे. आणि ही मोजणी एकदा करून कपाटात ठेवायची नसते. नवा रिंगरोड म्हणजे नवा भराव, आणि मोऱ्या कमी ठेवलेला भराव म्हणजे बांधच. दर पाच वर्षांनी गणित नव्याने करावे लागेल.

खर्चाचा मुद्दा कुणी काढेलच. सिंहस्थाच्या निमित्ताने नदीकाठी घाट, पूल, रस्ते यांवर जो पैसा जातो आहे त्याच्या तुलनेत पर्जन्यमापक, लेसर मोजणी आणि प्रारूप यांचा खर्च किरकोळ आहे. आणि सिंहस्थाला तर हे उद्याचे नाही, आजचे काम आहे. पहिले अमृतस्नान (आधीचे शाही स्नान) २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरे ३१ ऑगस्टला, तिसरे नाशिकला ११ सप्टेंबरला. गोदावरीचे अलीकडचे मोठे पूर पाहा: २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९, १९ सप्टेंबर २००८; आणि १९६९ चा महापूरही सप्टेंबरातलाच. रामकुंडावर लाखो माणसे उभी असताना धरण कितपत भरलेले ठेवायचे, किती क्युसेकला कुठला घाट रिकामा करायचा, नासर्डीला लोंढा आला तर तपोवनाकडचा कुठला रस्ता बंद करायचा, हे आकड्यांत लिहिलेले कागद स्नानाच्या आदल्या पावसाळ्यात, म्हणजे २०२६ च्या जून ते सप्टेंबरात, एकदा प्रत्यक्ष चालवून पाहायला हवेत. त्यासाठी लागणारे पर्जन्यमापक त्याच वर्षीच्या मे अखेरीस खांबांवर बसलेले असायला हवेत.